नदी म्हणायचं नाही

बाई, शनिवारी मी सायकल चालवली. मे महिन्यातला शनिवार, कंपनीला सुट्टी, ऊन तापायच्या आत घराबाहेर, पाठीला छोटी सॅक आणि डोक्यावर मैत्रिणीचं उसनं हेल्मेट. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, पाठ सरळ ठेव. सायकल मला तुमच्यामुळेच येते. चौथीनंतरच्या सुट्टीत तुम्ही तुमची ती काळी लेडीज सायकल शाळेच्या मैदानावर मला चालवायला दिलीत आणि पदर कमरेला खोचून, कॅरिअर धरून माझ्यामागे धावलात. आमच्या गल्लीत तेव्हा एकाही मुलीला सायकल येत नव्हती आणि आमच्या घरात तर कुणाला धड सहीसुद्धा येत नव्हती. शनिवारी उतारावर ब्रेक सोडले तेव्हा मैदानातली ती धूळ आठवली आणि बरं वाटलं. तेवढंच. त्यानंतर जी किळस सुरू झाली ती अजून गेलेली नाही. मी हात धुतले, केस धुतले, सॅकसुद्धा धुतली, तरी ती आहेच, कारण ती अंगावर नाहीच. कुठे आहे ते कळावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी आता इथल्याच औद्योगिक वसाहतीत, मरोळलाच, एका औषध कंपनीत काम करते. लेबलं तपासते. बाटलीत जे आहे तेच बाहेर छापलंय ना, 'दिवसातून दोनदा'च्या जागी 'दोन दिवसांतून एकदा' झालं नाही ना, हे बघायचं. एका वेलांटीसाठी मी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवते. छपाईवाले मला पाठीमागे वेलांटी मॅडम म्हणतात. घरी येऊन आडवी झाले तरी एखादं लेबल नजरेतून सुटलं तर नाही ना, या विचाराने उठून बसते. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण अगदी उलट. ती वरच्या रस्त्यावरच्या नव्या टॉवरमध्ये राहते आणि दर शनिवारी सकाळी एका सायकलवाल्या ग्रुपबरोबर फिरते. रेस वगैरे नाही, आरामात. एकेका शनिवारी एकेक भाग बघायचा, चहा प्यायचा, फोटो काढायचे. एप्रिल संपता संपता ती म्हणाली, "ए, तू इथलीच ना? या वेळी आपलाच एरिया आहे. तू पुढे राहा, आम्ही मागे."

"मी काय दाखवणार?"

"तुला जे माहीत आहे ते दाखव. तू लोकल आहेस यार. टेन्शन नको घेऊ, परीक्षा नाहीये."

मी हो म्हटलं. मग तिने फोनवर त्या फेरीचं पोस्टर पाठवलं आणि मी ते दोनदा वाचलं. ग्रुपला या भागातली एक हरवलेली नदी शोधायची होती. म्हणजे आमच्या घरामागचं पाणी. ते कुठून येतं, कुठे जातं ते सायकलवरून बघायचं, जुन्या रहिवाशांना विचारायचं, आणि पालिकेकडे मागणी करायची की हा नाला नाही, ही नदी आहे, हिला नदी म्हणून जाहीर करा.

बाई, आता हे नीट सांगते, कारण सगळं याच्यावरच आहे. पाण्याच्या काठाने आमची जी ओळ आहे, पाठभिंत थेट पाण्यावर असलेली, तिच्या डोक्यावर वर्षभर एकच टांगती तलवार आहे. नाला ठरला तर काठाने थोडीच जागा मोकळी सोडावी लागेल आणि घरं कशीबशी राहतील. नदी ठरली तर पट्टा रुंद होईल आणि अख्खी ओळ जाईल. नियम नेमका काय आहे तो मी स्वतः वाचायचा प्रयत्न केला, पुरता कळला नाही, पण गल्लीत सगळ्यांचा त्यावर विश्वास आहे आणि शेजारच्या वस्तीत तसं झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या लोकांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या धुरात नेऊन टाकलं. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर आमच्या घराने एकदा सगळं उचलून इकडे आणलं होतं. आई म्हणते, आता पुन्हा उचलायचं तर मला एकटीलाच उचला, चौघांनी. म्हणून एका रविवारी मंडळाच्या ऑफिसबाहेर सगळ्यांना जमवून आमच्या गल्लीतले काका म्हणाले, "कोण पण विचारू दे. पेपरवाला येऊ दे, कॉलेजची पोरं येऊ दे. नाला म्हणायचं. नदी म्हणायचं नाही. घरातल्या लहान पोरांना पण सांगून ठेवा." मागून कुणीतरी म्हणालं, "आणि गटार म्हटलं तर चालेल का?" काका म्हणाले, "गटार म्हटलंस तर तुला पेढा देईन." सगळे हसले. मीही हसले. पण मान खाली घालून, कारण माझ्या मनात तुम्ही उभ्या होतात.

तुमचा शनिवार. सकाळची अर्धी शाळा, आणि शेवटच्या तासाला परिसर अभ्यास. इतर वर्गांत बाई पुस्तकातून वाचून घेतात, 'माझ्या परिसरात बाग आहे, टपाल कार्यालय आहे', आणि तुम्ही सायकल हातात धरून पुढे चालता, मागे आम्ही दोघादोघांच्या रांगेत. तबेल्याच्या बाजूने, पत्र्याच्या कारखान्यांमधून, पुलावर. पुलावर आलं की आम्ही सगळे एकदम नाक धरतो. तुम्ही सायकल स्टँडवर लावता आणि एकेकाचा हात खाली करता. माझा हात जरा जोरात. "नाक सोड. तुझ्या घरामागचंच पाणी आहे ना? घरी धरतेस नाक?" सगळे हसतात. मग तुम्ही आम्हाला तसंच उभं करून ठेवता, आणि थोड्या वेळाने विचारता, येतोय का वास आता? आम्ही म्हणतो, नाही बाई. तेव्हा तुम्ही म्हणता, "वास तिथेच आहे. तुमचं नाक थकलंय. माणसाचं नाक फार लवकर थकतं, लक्षात ठेवा." मग तुम्ही वरच्या जंगलाकडे बोट दाखवता. तिकडच्या टेकडीतून ही निघते, खडकांतून उतरते, इथून जाते आणि पुढे मोठ्या नदीला मिळते. "म्हणजे ही कोण?" आम्ही ओरडतो, "नाला!" आणि तुम्ही खरोखर चिडता. चाचणीत मी 'आमच्या घरामागे नाला आहे' असं लिहिलं होतं, तर तुम्ही ते लाल पेनाने खोडून वर 'नदी' लिहिलंत आणि तो शब्द माझ्याकडून पाटीभर लिहून घेतलात. दुसऱ्या कशासाठी तुम्ही मला कधी रागावल्याचं आठवत नाही. शुद्धलेखनाला मी वर्गात पहिली होते. मला तेव्हा कळलंच नाही की चूक कुठे झाली, न वर काना चुकला होता की ल वर.

तर मला फेरीला नाही म्हणता आलं असतं. बरं नाही म्हणून सांगता आलं असतं, पण खोटं बोलायला मला फार तयारी लागते. शिवाय वाटलं, मी नाही नेलं तर दुसरं कुणी नेईल. मी पुढे राहिले तर त्यांना पाण्यापासून लांब ठेवता येईल. शुक्रवारी मी मनातल्या मनात वाट पाठ केली. जुन्या गावठाणातून, क्रॉसपाशी थांबून, बेकरीत पाव खाऊन, सुक्या मासळीच्या बाजारातून फिरवून परत मेट्रोखाली. दोन तास सहज जातील. मग ऊन होईल आणि सगळे घरी जातील.

पाचसहाच जण होते. पुढारी म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, बहुतेक कुठेतरी मोठे इंजिनिअर होते, सगळे त्यांना सर म्हणतात. स्वच्छ बोलणं, पांढरी दाढी नीट कापलेली, प्रत्येकाला पाणी पितोस ना विचारणारे. मला त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. गावठाणात सकाळ छान होती. कौलारू घरांच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या बायका बसलेल्या, एकीने आमच्या हेल्मेटांकडे बघून शेजारणीला विचारलं, "ही कसली गो वरात?" आम्ही सगळे हसलो. बेकरीतला कडक पाव मोडून चहात बुडवला. मला वाटलं, होतंय, निभतंय.

मग आम्ही मासळीबाजारात शिरलो आणि मैत्रिणीने ओढणी नाकावर घेतली. "शी, काय वास आहे यार. ओकारी येईल मला." बाकीच्यांनीही तोंडं फिरवली. मेमध्ये पावसाळ्याची बेगमी असते, तुम्हाला माहीत आहे. बोंबलांचे भारे, सोड्यांचे ढीग, जवळा. आई दर वर्षी इथूनच नेते. एक कोळीण मैत्रिणीकडे बघून म्हणाली, "बाय, घेवाचा नसेल तर रस्ता सोर. वास फुकट हाय." सर मोकळेपणाने हसले, मैत्रीणही हसली आणि तिने नाक धरूनच त्या बाईचा फोटो काढला. बाई, इथे मला पहिल्यांदा शिसारी आली. वासाची नाही. त्या हसण्याची, आणि मी त्यांच्याबरोबर हेल्मेट घालून उभी होते याची. वास मलाही येत होता. बोंबलांचा वास मला यायला लागलाय, हेच मला नवीन होतं. कधीपासून यायला लागला?

बाजारातून बाहेर पडल्यावर मी मेट्रोच्या दिशेने सायकल वळवली. सरांनी फोन काढला. "आता इथून डावीकडे वळलं की आपण पाण्यावर पोचतो."

मी म्हटलं, "सर, तिकडे रस्ता खराब आहे. ऊन पण झालंय."

"खराब असणारच. त्यासाठीच तर आलोय." आणि मग अगदी मायेने, "तुम्ही दमलात का?"

मी दमले नव्हते. मी त्यांच्या मागे गेले.

पलीकडच्या काठाने एक कच्चा रस्ता आहे, बंद पडलेल्या गोदामांच्या मागून जाणारा. एवढी वर्षं इथे राहून मी तिथे कधी गेले नव्हते. त्या बाजूला आमचं काही कामच नसतं. सायकली हातात धरून आम्ही चालत होतो. मे महिन्यात पाणी असं नसतंच, काळा रबडा असतो, त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा, आणि खालून एकेक बुडबुडा येऊन फुटतो. चिकनच्या दुकानाची पिसं आणि आतडी एका प्लायवूडला अडकून सडत होती आणि ती हलत होती, म्हणजे आत काहीतरी हलत होतं. कारखान्याच्या नळीतून येणारं पाणी हिरवं होतं, औषधी हिरवं, आमच्या खोकल्याच्या बाटलीचं असतं तसं. तबेल्याचं शेण, डायपर, देवाचे फोटो, कुणाची तरी गादी. मला उमासा आला आणि मी तो गिळला. सर एकेका ठिकाणी थांबून सांगत होते, इथे काठ कसा असेल, इथे झाडं कशी असतील. ते अगदी तुमच्यासारखं बोलत होते बाई. टेकडीकडे तसंच बोट. त्यांनी म्हटलेलं एकही वाक्य चूक नव्हतं. आणि मग त्यांनी समोर हात केला आणि म्हणाले, "हे अतिक्रमण एकदा निघालं ना, की दोन्ही बाजूंनी सुंदर सायकल ट्रॅक होईल. मुलं सकाळी इथे सायकली चालवतील."

समोर आमची ओळ होती. मी आमची घरं कधी मागून पाहिली नव्हती. पुढून आम्ही टाइल्स लावल्या आहेत, दिवाळीला रंग काढतो, तुळशीचा डबा आहे. मागून नुसते पत्रे, निळी ताडपत्री, आणि प्रत्येक घरातून बाहेर आलेला एकेक पाइप. मोरीचा, आणि आता घरातच संडास झाल्यापासून त्याचाही. मी आमचा पाइप ओळखला. सांध्यावर आईने माझा जुना पिवळा टॉप गुंडाळून बांधला आहे. त्यातून पाणी पडत होतं. आतून आम्ही साबण लावून, फिनाइल टाकून, मोरी पांढरीशुभ्र ठेवतो. बाबा गावाहून येतात तेव्हा म्हणतात, हिच्या मोरीत जेवायला बसावं. ते सगळं या बाजूने येऊन पडतं. मैत्रिणीने फोटो काढला. "इथे माणसं राहतात तरी कशी यार," ती म्हणाली, वाईट वाटून. खरोखर वाईट वाटून. तिला माझं घर कुठलं ते माहीत नाही. ती मला नेहमी मुख्य रस्त्यावरच सोडते.

तेवढ्यात आमची मागची खिडकी उघडली आणि आईचा हात बाहेर आला. हातात पिशवी. तिने ती खाली सोडली, मासळीची डोकी असणार, आणि मग समोर पाहिलं. आम्ही पाचसहा जण, रंगीत हेल्मेटं, सायकली. अंतर कितीसं, ती मला दिसत होती म्हणजे मी तिला दिसत होते. सरांनी हात हलवून हाक मारली, "मावशी, नमस्कार. एक विचारायचं होतं. ही नदी आहे ना?"

"नदी?" आई म्हणाली. "खंयची नदी? गटार आसा ता. वास येना नाय तुमका?"

सगळे हसले. सर म्हणाले, "किती वर्षं राहता इथे?"

"लगीन होऊन इलय तेवापासून. गटारच आसा." हे बोलताना तिची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे गेली. रस्त्यावरच्या दुकानाच्या पाटीवरून जाते तशी. मला ओळख दाखवली नाही. मग तिने खिडकी लावून घेतली.

सर हळूच म्हणाले, "बिचाऱ्यांना घाबरवून ठेवलेलं असतं. पढवलेलं उत्तर असतं हे." आणि ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही इथल्या आणि शिकलेल्या. लहानपणी काय म्हणायचात याला?"

"नाला," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. इथेच थांबता आलं असतं.

"घरी, हो. पण शाळेत? इथल्या म्युनिसिपल शाळेत होतात ना तुम्ही? मी ऐकलंय, तिथे पूर्वी एक बाई मुलांना पुलावर आणून नदी दाखवायच्या."

कुणाकडून ऐकलं असेल त्यांनी? तुमची अजून कुणीतरी आठवण काढतं, बाई. हे तुम्हाला सांगायला मी किती आनंदाने लिहिलं असतं. मैत्रीण फोन धरून उभी होती, रेकॉर्ड करत होती. समोर आमच्या पाइपमधलं पाणी थांबलं होतं, म्हणजे आई आत नळ बंद करून कान देऊन उभी होती. मी म्हटलं, "त्या माझ्याच बाई. त्यांनीच शिकवलं मला. त्या नालाच म्हणायच्या."

"नक्की?"

"नक्की. नदी लिहिलं की त्या खोडायच्या."

हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलंच नव्हतं. ते मी आपणहून जोडलं, तुमच्या लाल पेनासकट. कामावर एका वेलांटीसाठी गठ्ठा परत पाठवणारी मी, इतकं सफाईदार खोटं बोलले की सरांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "मग मी ऐकलं ते चुकीचं असेल. लोक मागाहून छान गोष्टी रचतात." आणि सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी माझे आभार मानले.

दुपारी घरी पोचले तर आईने ताट वाढून ठेवलं होतं. बांगड्याची आमटी, भात. मी हातपाय धुतले, पुन्हा धुतले, बसले आणि घास तोंडाशी नेता येईना. आई म्हणाली, "जेव गो. थंड होतला."

"तू माझ्याकडे बघितलंस आणि ओळख दाखवली नाहीस."

"दाखवलंय आसती तर तू खोटा बोललं आसतंस?" तिने आमटीत पळी फिरवली. "माझा चेडू माका म्हायत नाय? म्होरे आवस दिसली की तुका खरा बोलूचा लागता."

मला तिचीही किळस आली, बाई. आईची. जी बाई माझ्या आजारपणात माझी ओकारी ओंजळीत घ्यायची तिची. आई समोर असली की मला खोटं बोलता येत नाही, इतकी ती मला ओळखते, आणि त्या ओळखीचा तिने असा उपयोग केला. आणि तिचं काय चुकलं, हे मी अजून शोधते आहे. सापडत नाही. ती पिशवी मागे टाकते, कारण कचरागाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. ती नदीला गटार म्हणते, कारण तिला छप्पर हवं आहे. सर नदीला नदी म्हणतात, कारण त्यांना छप्पर आहे. मैत्रिणीला वाईट वाटतं. कोण घाण आहे यात? सगळ्यांच्या अंगाला मला वास येतो, आणि कुणाच्याही अंगावर डाग दिसत नाही.

तुमच्याही, हेही आज लिहूनच टाकते. मी तिसरीत होते. त्या जुलैच्या पुरात पाणी आमच्या माळ्याला लागलं होतं आणि ओसरल्यावर गल्लीत गुडघाभर चिखल आणि तबेल्यातल्या म्हशी फुगून पडलेल्या. तुम्ही आम्हाला बघायला आलात, बिस्किटांचे पुडे घेऊन. गल्लीच्या तोंडाशी आलात आणि पदर नाकाला लावलात. मी दारात उभी होते, हाताने चिखल काढत. तुम्ही मला पाहिलंत, आणि पदर काढला नाहीत. पुडे शेजाऱ्यांच्या हातात दिलेत आणि परत फिरलात. मी कुणाला सांगितलं नाही, कारण आमच्या वर्गात मला तुम्ही सगळ्यात जास्त आवडत होतात. पुढे दुसऱ्याच महिन्यात तुम्ही पुन्हा पुलावर आम्हाला म्हणालात, नाक सोडा. मी सोडलं. तुमचं घर वरच्या सरकारी वसाहतीत होतं, चौथ्या मजल्यावर. तिथून हे पाणी दिसतसुद्धा नाही. चौथ्या मजल्यावरून नदी म्हणायला काय लागतं? हा प्रश्न मी तुम्हाला तेव्हा विचारायला हवा होता, पण तेव्हा माझ्याजवळ तो नव्हता, आणि तो विचारण्याएवढी शहाणी होईपर्यंत तुम्ही गेलात. आणि तरीही ती नदीच आहे. तुम्ही बरोबर होतात, हेच सगळ्यात जास्त घशात अडकतं. तुमचं चुकलं असतं तर मला शनिवारी खोटं बोलावंच लागलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. आईनेच सांगितलं असणार. काका दारात येऊन उभे राहिले, चपला न काढता. "काय गं, वेलांटी मॅडम," हे नाव त्यांना कुठून कळलं कोण जाणे, "आज तर तू वाट लावलीस त्यांची. झकास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पालिकेचे लोक येतायत. मी बोललो तर म्हणतील हा राजकारणी. तू उभी राहा. जास्त काही नको, फक्त तुझ्या बाईंचं सांग. शाळेत काय शिकवलं ते. मेलेल्या बाईला कोण साक्षीला बोलावणार?" आई म्हणाली, "असा बोलू नको हां." पण ती मला नको म्हणाली नाही.

तुमची मुलगी मुलुंडला राहते असं मागे कळलं होतं. लिहायला बसले तेव्हा हे तिला नेऊन द्यावं असं मनात होतं, तिने वाचावं, तुमच्या फोटोसमोर ठेवावं. आता नेणार नाही. तिने वाचलं तर ती म्हणेल, आमची आई तर आयुष्यभर नदीच म्हणायची, आणि तुमची मुलगी आहे म्हणजे ते ती चारचौघांत म्हणेल. घरातही ठेवता येणार नाही. या कागदांवर मी त्या पाण्याला जागोजागी नदी म्हटलं आहे.

मी उभी राहणार आहे, बाई. शनिवारी शब्द सफाईदार होते तरी माझा आवाज कापला होता, सरांच्या लक्षात आलं नाही, पण पालिकेच्या माणसांच्या येईल. म्हणून काल आंघोळ करताना, नळ मोठा सोडून, मी ते वाक्य म्हणून पाहिलं. आमच्या बाई नालाच म्हणायच्या. पहिल्यांदा अडखळले. मग पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. शेवटी शेवटी तुम्ही तसंच म्हणत असल्यासारखं मला ऐकू यायला लागलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.